झाकलेले मत, उघडा हिशेब

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा हे गाव आहे. पौष पौर्णिमेला तेथे म्हसोबाची, म्हणजेच खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर मोठा बैलबाजारही भरतो. आपल्याकडील जनावरांच्या बाजारांत दलालांची एक जुनी रीत आहे. विकणारा आणि घेणारा हातावर उपरणे टाकतात आणि त्याच्या आड बोटांच्या खुणांनी भाव ठरवितात. भोवती उभ्या असलेल्या माणसांच्या भिडेने किंवा दडपणाने सौदा बिघडू नये, हा त्यामागील हेतू. परंतु सौदा ठरला की उपरणे निघते, पैसे मोजले जातात आणि बाजाराची पावती फाडली जाते. उद्या बैलाच्या मालकीविषयी तंटा उभा राहिला तर तो त्या पावतीवर मिटतो. उपरण्याखाली बोटे कशी हलली, हे कोणी विचारीत नाही.

१९८० साली पौष पौर्णिमा २ जानेवारीला आली होती आणि लोकसभेच्या मध्यावधी निवडणुकीचे मतदान देशात दुसऱ्याच दिवशी सुरू झाले. हा केवळ योगायोग होता. तथापि बाजार आणि मतदान यांच्यातील साम्य योगायोगापुरते नाही. निवडणुकीतही एक भाग झाकलेला असावा लागतो आणि बाकीचे सर्व उघडे असावे लागते. मतदाराने कोणाला मत दिले हे त्याच्याशिवाय कोणालाही कळता कामा नये. पण मतदारयादी कशी झाली, मोजणी कशी झाली, उमेदवाराचा आणि पक्षाचा पैसा कोठून आला, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याला पाहता आले पाहिजे. आपल्याकडे लोकसभेच्या निवडणुकांवरून आजवर जे वाद झाले, ते या कसोटीवर तपासून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. ज्या आरोपाची कागदपत्रे उघडली गेली, तो आरोप एक तर सिद्ध झाला किंवा विरून गेला. ज्याची कागदपत्रे झाकून ठेवली गेली, तो पन्नास वर्षे उलटूनही जिवंत आहे.

याची आठवण २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा झाली. भारतातील मतदान वाढविण्यासाठी ठेवलेला २ कोटी १० लाख डॉलरचा निधी रद्द केल्याची घोषणा अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने केली. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तर भारतात दुसऱ्या कोणाला निवडून आणण्याचा हा प्रयत्न असावा, असे सुचविले. त्यानंतर काही दिवस येथील प्रमुख पक्ष हा पैसा दुसऱ्यालाच मिळाल्याचे एकमेकांना ऐकवीत राहिले. पुढे एका भारतीय वृत्तपत्राने कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले की हा निधी भारतासाठी नव्हताच. २०२२ मध्ये तो बांगलादेशासाठी मंजूर झाला होता. आठ दिवसांचा गदारोळ काही कागदांनी शमला. असे कागद वेळेवर बाहेर न आल्यास काय होते, याचा इतिहास मात्र मोठा आहे.

गाय, बाई आणि शाई

१९७१ च्या मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत लोकसभेच्या ५१८ जागांपैकी ३५२ जागा इंदिरा गांधींच्या काँग्रेसला मिळाल्या. महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा त्या पक्षाने जिंकल्या. बड्या आघाडीतील पक्षांना हा पराभव इतका अनपेक्षित होता की त्याचे सरळ कारण त्यांना पटेना. दक्षिण दिल्लीत पराभूत झालेले जनसंघाचे नेते बलराज मधोक यांनी एक विलक्षण आरोप केला. मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केलेली होती. मतदाराने मारलेला शिक्का काही काळाने पुसला जाई आणि गाय-वासरू या चिन्हापुढे आधीच अदृश्य शाईने केलेली खूण उमटे, असे त्यांचे म्हणणे होते. ही शाई रशियातून आली, अशी पुस्तीही त्याला जोडली गेली. महाराष्ट्रातील भाषणांतून गाय, बाई आणि शाई ही यमके त्या काळी सर्रास ऐकू येत. मतदानात गैरप्रकार आणि त्यामागे परकीय शक्ती, असा दुहेरी आरोप त्या एका शब्दात सामावलेला होता.

आज तो आरोप हास्यास्पद वाटतो. परंतु त्याला हसून वाटेला लावले गेले नाही, हे महत्त्वाचे आहे. मधोक न्यायालयात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. आरोप असंभाव्य वाटला तरी तपासाचे दार बंद करू नये, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने काही मतपत्रिका तपासू देण्यास मान्यता दिली. आरोप सिद्ध झाला नाही. त्यानंतर भारतीय राजकारणातून अदृश्य शाई खरोखरच अदृश्य झाली.

त्याच निवडणुकीतील दुसरा अर्ज रायबरेलीचा. राजनारायण यांचा आरोप शाईसारखा नवलाचा नव्हता. सरकारी नोकर आणि सरकारी यंत्रणा प्रचारासाठी वापरल्याचा होता. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी त्यांतील दोन मुद्दे ग्राह्य धरून पंतप्रधानांची निवड रद्द ठरविली. यशपाल कपूर यांची सेवा ते सरकारी नोकरीत असताना घेतली गेली, आणि उत्तर प्रदेशातील अधिकाऱ्यांनी सभेची व्यासपीठे व ध्वनिक्षेपकांची वीज यांची व्यवस्था केली, हे ते दोन मुद्दे. एवढ्यासाठी पंतप्रधानांची निवड रद्द व्हावी काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता. परंतु उत्तर न्यायालयात मिळावयास हवे होते. ते आणीबाणीने आणि ३९ व्या घटनादुरुस्तीने दिले गेले. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारे त्या दुरुस्तीतील कलम सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी रद्द केले. मात्र दरम्यान बदललेल्या कायद्याच्या आधारे निवड वैध ठरली. खेळ संपल्यावर नियम बदलून मिळविलेला निकाल लोकांच्या मनात कधीच निकाल ठरत नाही. १९७७ च्या मार्चमध्ये रायबरेलीच्या मतदारांनीच तो वाद मिटविला.

दुभंगलेला नकाशा

१९७७ च्या निकालाने दुसरा प्रश्न उभा केला. जनता पक्षाला २९५ जागा मिळाल्या आणि काँग्रेसला १५४. पण हे आकडे देशभर सारखे पसरलेले नव्हते. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. आंध्रात मात्र ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकात २८ पैकी २६ जागा तिच्याकडे राहिल्या. उत्तरेने एक सरकार निवडले आणि दक्षिणेने दुसरे, अशी भाषा सुरू झाली. देश दुभंगला काय, असेही विचारले गेले.

या दुभंगाची शिवण महाराष्ट्रातून गेली होती. येथील ४८ जागांपैकी काँग्रेसला २० आणि जनता पक्षाला १९ मिळाल्या; उरलेल्या नऊ शेतकरी कामगार पक्ष, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि रिपब्लिकन पक्षाच्या एका गटाने घेतल्या. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या, ठाण्यातून जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी निवडून आले, विदर्भाने मात्र बहुतांश काँग्रेसलाच साथ दिली. एका भाषेच्या, एका राज्याच्या लोकांनी दोन उत्तरे दिली, याचा अर्थ ती विभागणी रक्ताची किंवा संस्कृतीची नव्हती. आणीबाणीचा जाच जेथे अधिक, तेथे उत्तर कडक. उत्तरेकडील खेड्यांत नसबंदीची सक्ती ज्या रीतीने झाली, तिचा या निकालाशी असलेला संबंध उघड आहे. नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानेही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायद्याच्या पुस्तकात गेले नाही.

पुढे जे झाले ते अधिक बोलके आहे. १९८० मध्ये उत्तरेचा नकाशा पुन्हा बदलला आणि इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या; महाराष्ट्रातही त्यांच्या पक्षाची लाट आली. ठाण्याने मात्र म्हाळगींनाच पुन्हा निवडून दिले. दुभंग कायमचा नव्हता, कारण निकालाचे आकडे सर्वांसमोर होते आणि ते खरे आहेत यावर दोन्ही बाजूंचा विश्वास होता. पराभूत प्रदेशाने पुढच्या निवडणुकीची वाट पाहिली. आज उत्तर-दक्षिण वाद नव्या रूपाने पुढे आला आहे. लोकसभेतील राज्यांच्या जागांचे प्रमाण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर गोठविले गेले आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याबद्दल आपल्या जागा कमी व्हाव्यात काय, हा दक्षिणेचा प्रश्न भावनेचा नाही, अंकगणिताचा आहे. असा प्रश्न उघड चर्चेने सुटू शकतो. बहुमताच्या जोरावर घाईने उरकला तर मात्र १९७७ मध्ये जी भीती खोटी ठरली ती खरी होऊ शकेल.

परकीय हात

तिसरा आरोप परकीय हस्तक्षेपाचा, आणि तो सर्वांत हट्टी. त्याचे मराठी मुलखातील ठळक उदाहरण म्हणजे कृष्ण मेनन. १९६२ मध्ये उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री मेनन आणि आचार्य कृपलानी यांच्यात झालेल्या लढतीकडे परदेशी वृत्तपत्रांचेही लक्ष लागले होते. जणू मॉस्को आणि वॉशिंग्टन अंधेरी-बोरिवलीच्या मतपेट्यांतच एकमेकांना भिडत होते. मेनन मोठ्या मताधिक्याने विजयी झाले. १९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईतून उमेदवारी नाकारली, तेव्हा ते बाहेरचे आहेत, हे कारण पुढे आले. ते अपक्ष म्हणून ईशान्य मुंबईतून उभे राहिले. नुकतीच स्थापन झालेली शिवसेना त्यांच्या विरोधात होती. स. गो. बर्वे यांनी त्यांचा पराभव केला आणि बर्वे यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही तो केला. एकाच माणसाला रशियाचा हस्तक आणि केरळचा परप्रांतीय ठरविले गेले. परकीय हा शब्द किती लवचीक आहे आणि परदेशी शत्रूसाठी घडविलेले हत्यार आपल्याच देशबांधवावर किती सहज चालते, हे तेथे दिसले.

त्याच १९६७ च्या निवडणुकीत परदेशी पैसा वापरला गेल्याची चर्चा संसदेत झाली. यशवंतराव चव्हाण तेव्हा केंद्रीय गृहमंत्री होते. गुप्तवार्ता विभागाकडून चौकशी झाली, अहवाल तयार झाला आणि त्यातील मजकूर भारतीय संसदेपुढे येण्याआधी अमेरिकेतील एका वृत्तपत्रात छापून आला. संसदेत मागणी होऊनही अहवाल प्रसिद्ध करण्यात आला नाही. चव्हाणांसारख्या मुरब्बी नेत्याने तो का रोखला असेल, याचा तर्क अवघड नाही. अशा अहवालाचे शिंतोडे एकाच पक्षावर उडत नाहीत. परंतु त्या निर्णयाची किंमत देशाने पुढे दीर्घकाळ मोजली.

कारण झाकलेल्या गोष्टीवर कोणीही हवा तो रंग चढवू शकतो. सत्ताधाऱ्यांच्या भाषणांत सीआयए आली आणि विरोधकांच्या भाषणांत केजीबी. चिलीमध्ये १९७३ साली आयेंदे यांचे सरकार उलथविले गेले, तो दाखला इंदिरा गांधी देत. आणीबाणीच्या समर्थनातही परकीय हाताची सावली होती. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेचे माजी राजदूत मॉयनिहन यांनी आपल्या पुस्तकात लिहिले की केरळ आणि पश्चिम बंगालमधील कम्युनिस्टांविरुद्ध अमेरिकेने दोनदा काँग्रेसला पैसा दिला आणि एकदा तो इंदिरा गांधींच्याच हाती दिला गेला. इंदिरा गांधींनी ते नाकारले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मित्रोखिन यांच्या कागदपत्रांत सोव्हिएत पैसा काँग्रेसकडे आणि कम्युनिस्टांकडे गेल्याचे दावे आले. काँग्रेसने तेही नाकारले. म्हणजे आपल्या निवडणुकीच्या पैशाविषयी जे काही आपल्याला सांगितले गेले, ते दोन परकीय देशांच्या माणसांनी सांगितले. आणि आपल्या स्वतःच्या खात्याने जे शोधून काढले, ते कपाटात राहिले. परकीय प्रभावाचा याहून ठळक पुरावा तो कोणता?

कायद्याची मागे चालणारी पावले

अहवाल दडविला गेला तरी कायदा झाला. परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा आणीबाणीत, ऑगस्ट १९७६ मध्ये लागू झाला आणि राजकीय पक्षांना परदेशी देणगी घेण्यास त्याने बंदी केली. २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. बंदी कायम राहिली. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोघांनीही एका ब्रिटिश कंपनीच्या भारतातील उपकंपन्यांकडून देणग्या घेऊन हा कायदा मोडला आहे.

यावर खरे म्हणजे कारवाई व्हावयास हवी होती. झाले ते असे की २०१६ च्या वित्त कायद्यातून परदेशी स्रोताची व्याख्याच सैल करण्यात आली आणि ती २०१० पासून लागू धरली गेली. जुन्या कायद्याखालील देणग्या तरीही उघड्याच राहत होत्या, म्हणून २०१८ च्या वित्त कायद्यातून ही सवलत थेट ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. लोकसभेत ते वित्त विधेयक गोंधळात, चर्चेविना संमत झाले. म्हशाच्या बाजारात एखाद्याने चोरीचा बैल विकला आणि पंचांनी बैलाची व्याख्या बेचाळीस वर्षांपूर्वीपासून बदलली, तर त्याला जे म्हणता येईल तेच याला म्हणावे लागेल. एरवी एकमेकांना परकीयांचे हस्तक म्हणणारे पक्ष येथे एकमेकांच्या आड आले नाहीत.

त्याच २०१८ साली निवडणूक रोखे आले. देणारा कोण हे मतदाराला कळू नये, अशीच त्यांची रचना होती. कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांहून अधिक देणगी देऊ नये, ही जुनी मर्यादाही काढून टाकण्यात आली होती. सुमारे १६,५०० कोटी रुपये या मार्गाने पक्षांकडे गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरविली आणि मार्चमध्ये रोख्यांची यादी लोकांसमोर आली. पावती दाखविण्याऐवजी उपरणे पैशावरच टाकण्याचा हा प्रयत्न सहा वर्षे चालला.

उलटे पडलेले उपरणे

पैसा झाकला जात असताना जे झाकले पाहिजे ते मात्र उघडे पडत आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक ठिकाणी निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका आधी एकत्र मिसळून मग मोजीत. मतदान यंत्रामुळे प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसतो. यंत्रांची बेरीज एकत्र करणारे साधन वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचविले आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला. पण ते अमलात आले नाही. शहरातील वाचकाला हा तपशील किरकोळ वाटेल. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर तो किरकोळ नाही. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ज्या पाड्याचे पाणी, रस्ता आणि शाळा कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून आहेत, त्या पाड्याने कोणाला किती मते दिली हे निकालाच्या संध्याकाळी त्या मर्जीच्या मालकाला कळणार असेल, तर तेथे मत गुप्त राहिले असे कसे म्हणावे?

दुसरीकडे तपासाची दारे अरुंद होत आहेत. विधानसभेच्या २०२४ मधील निकालानंतर सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी गावापुरते मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहण्याचे ठरविले. मतदान घेण्याचा अधिकार केवळ आयोगाचा, या कारणास्तव प्रशासनाने ते होऊ दिले नाही. कायद्याच्या दृष्टीने प्रशासन चुकले नाही आणि यंत्रांत फेरफार झाल्याचे न्यायालयात सिद्धही झालेले नाही. परंतु त्याच डिसेंबरमध्ये निवडणूक नियमांतील ९३ वा नियम बदलून मतदान केंद्रांवरील चित्रीकरणासारखी सामग्री सर्वसामान्यांच्या तपासणीतून वगळण्यात आली. मतदाराचे खासगीपण जपण्यासाठी हे आवश्यक असल्याचे आयोगाचे म्हणणे आहे. ते मनापासून असेल; पण चित्रीकरणात कोण मतदानाला आले हे दिसते, कोणाला मत दिले हे दिसत नाही. १९७१ मध्ये न्यायालयाने मतपत्रिकेची गुप्तता सांभाळून तपास होऊ दिला होता. तेव्हा जे जमले ते आज न जमण्याचे कारण नाही. संशय खरा की खोटा, हा नंतरचा प्रश्न आहे. तपासाची सोय नसली की खोटा संशयही खऱ्याइतकाच टिकाऊ होतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. १९६७ चा अहवाल आता ज्यांना अडचणीत आणील असे नेते हयात नाहीत; तो प्रसिद्ध व्हावा. पक्षांच्या परदेशी संबंध असलेल्या देणग्यांना मागील तारखेने दिलेली माफी रद्द व्हावी. केंद्राकेंद्रांची मते एकत्र मोजली जावीत आणि निवडणुकीची बाकीची सामग्री ठरावीक मुदतीपर्यंत पाहावयास खुली असावी. यांतील एकही गोष्ट कोणत्या एका पक्षाच्या सोयीची नाही, आणि बहुधा त्यामुळेच ती कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे आढळत नाही.

म्हशाच्या ज्या मुरबाड तालुक्यात बैलांचा बाजार भरतो, त्याच तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. परकीय सत्ता म्हणजे काय, हे या मुलखाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. तो शब्द प्रत्येक निवडणुकीत प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर फेकून स्वस्त करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परकीय हात खरोखरच असेल तर तो शोधण्याचे साधन भाषणांत नाही, हिशेबाच्या वहीत आहे; आणि ती वही अजून मतदाराच्या हाती आलेली नाही.